पब्लिक हाउसिंगमधल्या मोफत शिक्षणाच्या सोयी: तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत

रानवारा

अमेरिकेतल्या पब्लिक हाउसिंगमध्ये राहणाऱ्यांसाठी शिकण्याच्या मोफत सोयी खूप आहेत. गर्भवती बाईपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकासाठी काही ना काही आहे. तरीही मी ज्या संकुलात मुलांचा गृहपाठ घ्यायला जाते तिथल्या कितीतरी घरांना यातलं काहीच माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यातलेही बरेच जण येत नाहीत. असं का होतं आणि काय केलं तर लोक येतात, यावर बोलायला हा धागा काढतेय. अमेरिकेत राहणारे इथले बरेच सदस्य शाळेत, ग्रंथालयात, सरकारी खात्यात काम करतात. त्यांनी जरूर लिहा.

ज्यांना या व्यवस्थेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९३७ च्या हाउसिंग अ‍ॅक्टनंतर सरकारी मालकीची भाड्याची घरं देशभर उभी राहिली. केंद्राचं गृहनिर्माण खातं (सगळे त्याला 'हड' म्हणतात) पैसे आणि नियम देतं, आणि घरं सांभाळते ती गावोगावची हाउसिंग अथॉरिटी. सगळ्यात मोठी न्यूयॉर्कची, दीड लाखाहून जास्त घरांची. भाडं साधारणपणे कुटुंबाच्या हिशेबी (म्हणजे ठरावीक वजावटी जाऊन उरलेल्या) उत्पन्नाच्या ३० टक्के असतं. हा ३० टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सोयी. अगदी लहानांसाठी अर्ली हेड स्टार्ट हा कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा सरकारी कार्यक्रम आहे, तो आईच्या गरोदरपणापासून मूल तीन वर्षांचं होईपर्यंत. पुढे तीन ते पाच वर्षांसाठी हेड स्टार्ट, म्हणजे मोफत बालवाडी, ती १९६५ पासून चालू आहे. काही ठिकाणी पॅरेंटचाइल्ड प्लस नावाचा कार्यक्रम आहे. त्यात प्रशिक्षित बाई आठवड्यातून दोनदा घरी येते, येताना एक पुस्तक किंवा खेळणं आणते, आईच्या समोर बसून बाळाशी खेळते-बोलते आणि जाताना ती वस्तू घरातच ठेवून जाते. मला हा प्रकार फार आवडतो, कारण त्यात आईला 'तुला येत नाही, मी शिकवते' असं कुणी म्हणत नाही. शाळेच्या मुलांसाठी गृहपाठाची खोली आणि उन्हाळी वर्ग. मोठ्यांसाठी इंग्रजी, जीईडी म्हणजे शालान्त परीक्षेच्या बरोबरीची परीक्षा, आणि नोकरीचं प्रशिक्षण. ज्येष्ठांसाठी संगणक आणि नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी.

कागदावर सगळं आहे. पण तीन मुलांच्या आईकडे बघा. तान्ह्याचा कार्यक्रम सकाळी एका इमारतीत, तिसरीतल्या मुलाचा गृहपाठ दुपारी दुसरीकडे, तिचा स्वतःचा इंग्रजीचा वर्ग रात्री बस बदलून जावं लागेल अशा कॉलेजात. ती काय करणार? मुलांचं सांभाळेल आणि स्वतःचं सोडून देईल. आमच्याकडे फरक पडला तो सगळं एकाच संध्याकाळी, एकाच तळमजल्यावर आणल्यावर. एका खोलीत मुलांचा गृहपाठ, शेजारी आयांचा इंग्रजीचा वर्ग, पलीकडे चिल्ल्यापिल्ल्यांना सांभाळणारी बाई. शिकवणारे तेच, पुस्तकं तीच, पण खोली भरायला लागली.

माझं म्हणणं इतकंच आहे की कार्यक्रम वयानुसार कापून देऊ नयेत, अख्ख्या घराला एकत्र द्यावेत. तुमचा अनुभव काय?

---

कडुलिंब

चांगला विषय. एक शंका मनापासून विचारतो. सार्वजनिक ग्रंथालय सगळ्यांना फुकट आहे, सरकारी शाळा फुकट आहे, जालावर (इंटरनेटवर) गणितापासून कोडिंगपर्यंत सगळं फुकट शिकायला मिळतं. मग या संकुलांसाठी वेगळं काही कशाला? उलट सगळं त्यांच्याच आवारात दिल्याने ती माणसं त्या आवारातच राहतील, बाहेरच्यांत मिसळणार नाहीत, असं नाही का होणार? मुलांनी शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात जावं, तिथे इतर मुलं भेटावीत, हे मला जास्त बरं वाटतं.

---

निशिगंध

कडुलिंब, मी ग्रंथालयाच्या बालविभागात काम करते, म्हणून तुमच्या शंकेचं उत्तर द्यायला हवं.

ग्रंथालय फुकट आहे, पण बऱ्याच घरांच्या डोक्यात ते फुकट नव्हतं, कारण उशिराचा दंड. एक पुस्तक हरवलं की कार्ड बंद, मग आई म्हणते 'पुन्हा नको आणूस'. याची जाणीव झाली तेव्हा शिकागोने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२१ मध्ये उशिराचा दंड काढूनच टाकला. तरी जुनी भीती लगेच जात नाही. काउंटरवर येऊन 'माझे किती पैसे बाकी आहेत' असं हळूच विचारणाऱ्या आया अजून भेटतात.

दुसरं अंतर. मोठा रस्ता ओलांडून आठ-नऊ वर्षांच्या मुलाने एकट्याने ग्रंथालयात यावं असं कुठल्याही आईला वाटत नाही. त्यामुळे पहिली पायरी घराच्या दाराशी असावी आणि दुसरी पायरी ग्रंथालयात, असं आम्ही करतो. २०१७ मध्ये हडने इतर संस्थांबरोबर बुक रिच एन्व्हायर्न्मेंट्स नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात प्रकाशकांकडून आलेली कोरी पुस्तकं पब्लिक हाउसिंगमधल्या मुलांना कायमची दिली जातात. परत द्यायची नाहीत, दंड नाही, मुलाने पानावर नाव लिहिलं तरी चालतं. वाटप करताना आम्ही सोबत ग्रंथालयाचं कार्डही तिथल्या तिथे करून देतो. पुस्तक मिळालेल्या मुलांपैकी बरीच नंतर आमच्याकडे येतात, आणि येताना भावंडांना घेऊन येतात. तुम्हाला हवं ते मिसळणं असं घडतं.

अजून एक, आणि याकडे फार लोकांचं लक्ष जात नाही. शाळेत मुलांना दुपारचं जेवण मिळतं, उन्हाळ्यात शाळा बंद झाली की ते बंद. कृषी खात्याच्या उन्हाळी भोजन योजनेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत जेवण मिळतं आणि संकुलाची सामाईक खोली हे त्याचं केंद्र होऊ शकतं. जेवणाच्या आधी तासभर वाचन ठेवलं की उन्हाळी वर्गाची हजेरी टिकते. भुकेल्या मुलाला गोष्ट सांगून भागत नाही.

---

पाऊलवाट

मी एका हाउसिंग अथॉरिटीत रेसिडेंट सर्व्हिसेसचं, म्हणजे रहिवाशांना अशा सोयी मिळवून देण्याचं काम करते. गाव सांगत नाही. रानवारा म्हणतात ते वेळेचं आणि जागेचं कारण खरं आहेच. पण मोठी माणसं वर्गाला का येत नाहीत याचं त्याहून मोठं कारण मला रोज ऐकू येतं: 'शिकले, पगार वाढला, की भाडं वाढणार. मग शिकून काय मिळवलं?'

ही भीती खोटी नाही. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्के म्हटल्यावर पगारात महिन्याला ५०० डॉलर वाढले तर भाडं सुमारे १५० ने वाढतं. त्यातून कर जातो, बसभाडं जातं, मुलांना सांभाळायला ठेवलं तर ते पैसे जातात. हातात काय उरतं? म्हणून मी कुठल्याही वर्गाची जाहिरात करण्याआधी नियम सांगते. तेच इथे लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडतील.

१८ वर्षांखालच्या मुलांची कमाई भाड्याच्या हिशेबात धरत नाहीत. सोळा वर्षांच्या मुलीने उन्हाळी नोकरी केली तर घराचं भाडं त्यामुळे वाढत नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी आया मुलांना अशा नोकऱ्यांपासून अडवतात. कॉलेजसाठी मिळणारी पेल ग्रँटही पब्लिक हाउसिंगच्या भाड्यासाठी उत्पन्न म्हणून धरत नाहीत. हडच्या पैशांतून चालणाऱ्या प्रशिक्षणात मिळणारी रक्कमही वगळतात. संकुलासाठीच थोडं काम केलं, म्हणजे समजा गृहपाठाच्या खोलीवर देखरेख केली, आणि त्याचं मानधन महिन्याला २०० डॉलरपर्यंत असलं, तर तेही वगळतात. सरकारी भाडे-मदतीच्या व्हाउचरवर खासगी घरात राहणाऱ्यांचे काही नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या अथॉरिटीला विचारावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी. ही योजना १९९० च्या कायद्याने आली. कुटुंब अथॉरिटीशी साधारण पाच वर्षांचा करार करतं आणि त्यात स्वतःची ध्येयं लिहितं. जीईडी, परिचारिकेचा कोर्स, कर्ज फेडणं, काहीही. कमाई वाढली की भाडं नियमाप्रमाणे वाढतंच, पण त्या वाढीच्या बरोबरीची रक्कम अथॉरिटी त्या कुटुंबाच्या नावाने एस्क्रो खात्यात (म्हणजे करार पुरा होईपर्यंत राखून ठेवलेल्या खात्यात) टाकत जाते आणि त्यावर व्याज मिळतं. वरच्या उदाहरणात महिन्याला १५० डॉलर. करार पुरा झाला की ते पैसे कुटुंबाचे. घराची पहिली रक्कम भरा, गाडी घ्या, मुलाच्या कॉलेजला वापरा. मधेच कोर्सची फी भरायला त्यातले थोडे मागता येतात. अट अशी की करार संपताना सही करणारी व्यक्ती नोकरीत असावी आणि घरात कुणी सरकारी रोख मदतीवर नसावं. पूर्वी कुटुंबप्रमुखालाच सही करता यायची. २०२२ च्या नव्या नियमांनंतर घरातल्या कुणाही सज्ञान माणसाला करता येते. मोठी मुलगी शिकतेय आणि आई आजारी आहे अशा घरांना याचा फार फायदा झाला.

ही योजना सगळ्या अथॉरिटींकडे नाही. पण जिथे आहे तिथेही पात्र असलेल्यांपैकी थोडेच लोक तिच्यात येतात, याचं मला वाईट वाटतं. पाच वर्षांचा करार म्हटलं की लोकांना वाटतं, यात काहीतरी अडकवणारं असणार. सरकारी कागदावर सही करून कधी फायदा झालाय असा अनुभवच त्यांना नसतो. एका बाईचा चेक निघाला आणि तिने तो शेजारणींना दाखवला, त्यानंतर त्या मजल्यावरून माझ्याकडे विचारणा सुरू झाली. मी वाटलेल्या पत्रकांनी ते काम झालं नव्हतं.

---

ध्रुवतारा

पाऊलवाट, हा प्रतिसाद जपून ठेवतो आहे. मी संध्याकाळी जीईडीचं गणित शिकवतो आणि तुम्ही म्हणता तो भाड्याचा हिशेब माझ्या वर्गात पाठ्यपुस्तकासारखा वापरतो.

शेकडेवारी शिकवायला पुस्तकातली गणितं दिली की अर्धा वर्ग मान खाली घालतो. त्यांच्या मनात शाळेची जुनी नामुष्की असते. फळ्याजवळ उभं राहून चुकलेलं उत्तर, बाईंचा चेहरा, मुलांचं हसणं. वीस-पंचवीस वर्षांनीही ते तसंच्या तसं असतं. मग मी त्यांना अथॉरिटीकडून आलेलं भाडं ठरवल्याचं पत्र आणायला सांगतो, ज्यांना चालेल त्यांनीच. वर्षाचं उत्पन्न, त्यातून मुलांसाठीची वजावट, बाराने भागलं, त्याचे ३० टक्के. हे गणित ते डोळ्यांत तेल घालून करतात, कारण त्यात त्यांचे पैसे आहेत. एका वर्गात एका बाईंना पत्रात एक वजावट राहून गेल्याचं सापडलं. त्यांनी ते पत्र नेऊन भाडं दुरुस्त करून घेतलं. त्या दिवसानंतर 'मला गणित येत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

जीईडीबद्दल काही गोष्टी लोकांना माहीत नसतात. विषय चार: गणित, भाषा, विज्ञान, सामाजिक शास्त्र. चारही एकदम द्यावे लागत नाहीत, एकेक विषय सवडीने देता येतो. प्रत्येकात १४५ गुण मिळाले की उत्तीर्ण. परीक्षा स्पॅनिशमध्येही देता येते. न्यूयॉर्क राज्यात फी नाही, इतर राज्यांत बहुधा असते, पण ती भरणाऱ्या संस्था असतात. मी सगळ्यांना आधी ज्या विषयाची भीती कमी आहे तो द्यायला लावतो. एक विषय सुटला की माणूस बदलतो.

परीक्षा घरून देण्याची सोय आहे, पण तिला आधी सराव परीक्षेत चांगले गुण लागतात, आणि कॅमेरा असलेला संगणक आणि एकांताची खोली लागते. दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर एकांत कुठून आणायचा? आमच्या संकुलाने यासाठी ऑफिसची एक खोली शनिवारी मोकळी ठेवली. याला पैसा लागला नाही, कुणीतरी मागितली एवढंच.

इंटरनेटचं मात्र अवघड झालंय. २०१५ मध्ये पब्लिक हाउसिंगमधल्या घरांपर्यंत इंटरनेट पोचवणारा कनेक्टहोम हा उपक्रम २७ शहरांत आणि चॉक्टॉ नेशन या मूलनिवासी राष्ट्रात सुरू झाला, तेव्हा चांगली हवा होती. करोनाच्या काळात इंटरनेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरची सवलत देणारा एसीपी हा सरकारी कार्यक्रम आला, पण त्याचे पैसे संपले आणि २०२४ मध्ये तो बंद झाला. माझ्या वर्गातल्या काहींनी त्याच महिन्यात घरचं कनेक्शन काढलं. जालावर सगळं फुकट आहे असं कडुलिंब म्हणतात, पण जालापर्यंत पोचणं फुकट नाही.

---

कडुलिंब

निशिगंध, पाऊलवाट, ध्रुवतारा, तिघांचेही आभार. भाड्याचा मुद्दा मला अजिबात ठाऊक नव्हता.

आता दुसरं विचारतो. एवढ्या सोयी असून लोक येत नसतील तर काही प्रमाणात सक्ती का नको? घर सवलतीत मिळतंय, तर आठवड्यातून दोन तास वर्गाला बसा, अशी अट घातली तर त्यांचंच भलं होईल. लहानपणी आपल्यापैकी कितीजण आपणहून अभ्यासाला बसायचे?

---

पाऊलवाट

अशी एक अट आहेच. १९९८ च्या कायद्याने पब्लिक हाउसिंगमधल्या नोकरी नसलेल्या सज्ञान माणसांना महिन्याला ८ तास समाजसेवा किंवा स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा कार्यक्रम घालून दिला. ६२ वर्षांपुढचे, अपंगत्वामुळे न जमणारे आणि त्यांची काळजी घेणारे यांना सूट आहे. इंग्रजीचा वर्ग, साक्षरता, जीईडी, नोकरीचं प्रशिक्षण हे सगळं त्या ८ तासांत धरलं जातं. मी लोकांना हे जरूर सांगते. ज्यांना ते तास भरायचेच आहेत त्यांनी पाला गोळा करण्याऐवजी वर्गात बसावं.

पण सक्तीने शिकणं होतं असं मला दिसलेलं नाही. तास भरायला येणारा माणूस सही करतो आणि मागच्या बाकावर बसतो. आणि अट मोडली तर घराच्या करारावर गदा येऊ शकते, हे मनात असताना शिक्षकावर विश्वास कसा बसणार? माझ्याकडे येणाऱ्यांच्या आयुष्यात आधीच खूप लोक आहेत जे त्यांची हजेरी घेतात. त्यात शिक्षकाची भर नको.

सक्तीशिवाय काय चालतं याचं उत्तम उदाहरण जॉब्स-प्लस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सहा शहरांत तो करून पाहिला. त्यात तीन गोष्टी एकत्र होत्या: संकुलातच नोकरी-प्रशिक्षणाची मदत, कमाई वाढली तरी भाडं फारसं वाढू न देणं, आणि शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना माहिती देणं. लॉस एंजलिस, डेटन आणि सेंट पॉल इथे तिन्ही गोष्टी नीट राबवल्या गेल्या आणि तिथल्या रहिवाशांची कमाई तुलनेसाठी निवडलेल्या संकुलांपेक्षा खरोखर वाढली. जिथे एखादा पाय लंगडा राहिला तिथे तसं झालं नाही. नुसतं प्रशिक्षण पुरत नाही, नुसती भाड्याची सवलतही पुरत नाही.

---

रानवारा

सक्तीबद्दल माझंही मत पाऊलवाटसारखंच आहे. पण कडुलिंब, अट आणि सक्ती यात मी थोडा फरक करते. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाच्या हाउसिंग अथॉरिटीने मॅककार्व्हर या प्राथमिक शाळेपुरता एक प्रयोग केला. तिथली मुलं सारखी शाळा बदलायची, कारण घर टिकत नव्हतं. ज्या कुटुंबांना राहायला जागा नव्हती त्यांना भाड्याची मदत दिली आणि सांगितलं की मूल याच शाळेत ठेवा, आईवडिलांनीही शाळेत यावं आणि स्वतःही शिकावं. मदत करणारी माणसं शाळेच्याच इमारतीत बसवली. कुटुंबं स्वतःहून यात आली आणि मुलांचं शाळा बदलणं कमी झालं. अट होती, पण तिच्यासोबत हात धरणारं माणूसही होतं. मूल एका वर्षात तीन शाळा बदलत असेल तर त्याला कितीही चांगला गृहपाठाचा वर्ग द्या, ते शिकणार कधी? घर स्थिर असणं ही शिक्षणातलीच गोष्ट आहे.

---

वडाची_पारंबी

मी व्हिएन्नात राहतो, म्हणून थोडं इथलं लिहितो. पहिल्या महायुद्धानंतर इथल्या नगरपालिकेने कामगारांसाठी साठ हजारांहून जास्त घरं बांधली. त्यातलं कार्ल-मार्क्स-होफ हे संकुल १९३० मध्ये उघडलं, तेराशेहून जास्त घरं. त्यात धुण्याची सामाईक जागा, दवाखाना, बालवाड्या आणि ग्रंथालय आधीपासून नकाशातच होतं. मला सांगायचंय ते हेच. शिकण्याची जागा नंतर कुणाच्या दयेने मिळाली नाही, वास्तुविशारदाने जिना आखला तेव्हाच तिचीही आखणी झाली. सिंगापूरमध्येही, जिथे बहुतेक लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत बालवाड्या असतात. रानवारांना खोलीसाठी जे झगडावं लागलं असेल ते अशा ठिकाणी लागत नाही.

---

शाईदौत

धागा अथपासून इतिपर्यंत वाचला. मी निवृत्त शिक्षक, मुलीकडे कायमचा राहायला आलो आहे. ज्येष्ठांविषयी फारच त्रोटक लिहिलं गेलंय, म्हणून विचारतो. आमच्या वयाच्या माणसांनी तिथे फक्त ईमेल पाठवायला शिकायचं का? त्यांच्याकडे जे आहे ते कुणी मागतं का?

---

पाऊलवाट

काका, मागतात तर! फॉस्टर ग्रँडपेरेंट हा कार्यक्रम १९६५ पासून चालू आहे. ५५ वर्षांवरचे, कमी उत्पन्नाचे लोक शाळेत किंवा हेड स्टार्टमध्ये जाऊन एकेका मुलाजवळ बसतात, वाचून घेतात, आकडेमोड करून घेतात. तासाला थोडं मानधन मिळतं आणि कायद्याने ते भाड्याच्या हिशेबात धरायचं नसतं. आमच्या संकुलातल्या दोन आज्या यात आहेत. त्यातल्या एकींना स्वतःला फारसं वाचता येत नव्हतं. मुलाबरोबर बसायचं म्हणून त्या आमच्या साक्षरतेच्या वर्गाला यायला लागल्या, आणि आता ज्या गोष्टी मुलाला वाचून दाखवायच्या त्या आदल्या दिवशी आमच्याकडे वाचून जातात.

शिवाय ५५ वर्षांवरच्यांना पगारी प्रशिक्षण देणारा एससीएसईपी कार्यक्रमही आहे. निधीमुळे तो सगळीकडे सारखा चालत नाही, म्हणून आपल्या भागात चौकशी करून घ्यावी.

नागरिकत्वाच्या वर्गात तुमच्यासारख्या शिक्षकाची फार गरज असते. ५० वर्षांवरचे आणि २० वर्षं ग्रीन कार्डावर राहिलेले, किंवा ५५ वर्षांवरचे आणि १५ वर्षं राहिलेले, यांना इंग्रजीची परीक्षा माफ असते आणि इतिहास-नागरिकशास्त्राची परीक्षा आपल्या भाषेत दुभाष्याबरोबर देता येते. ६५ वर्षांवरच्या आणि २० वर्षं राहिलेल्यांना अभ्यासाला प्रश्नही कमी असतात. हे माहीत नसलेले कितीतरी आजोबा इंग्रजी येत नाही म्हणून अर्जच करत नाहीत.

---

निशिगंध

शाईदौत काका, शिकण्याला वय नाही हे मी इथे रोज बघते. आईला शिकताना बघणं मुलांसाठी किती मोठं असतं! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांचं बालपण न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या ब्रॉन्क्सडेल हाउसेस या पब्लिक हाउसिंगमध्ये गेलं, त्या संकुलाला आता त्यांचंच नाव आहे. वडील लवकर गेले. पुढे मुलं मोठी होत असताना आईने स्वतः अभ्यास करून रजिस्टर्ड नर्स होण्याचा टप्पा गाठला. रानवारा, तुमच्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांमध्ये मुलांना हेच दिसत असणार. आमच्याकडे एक मुलगा आईच्या इंग्रजीच्या वहीत लाल पेनाने 'व्हेरी गुड' लिहून देतो आणि त्याची आई ती वही भेटेल त्याला दाखवते.

अवांतर: शिकागोत १९३८ मध्ये उघडलेल्या जेन अ‍ॅडम्स होम्सच्या उरलेल्या एकमेव इमारतीत २०२५ मध्ये राष्ट्रीय पब्लिक हाउसिंग संग्रहालय सुरू झालंय. समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस हे वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र सुरू केलं तेव्हा तिथेही बालवाडी आणि मोठ्यांचे वर्ग एकाच छपराखाली होते. तिकडे गेलात तर नक्की बघा.

---

रानवारा

एका गोष्टीवर मला सल्ला हवाय. आमच्याकडे बारा-चौदा वर्षांच्या मुली येतात त्या कडेवर भाऊ घेऊनच. आई कामावर, म्हणून धाकट्याला सांभाळायची जबाबदारी हिच्यावर. स्वतःचा गृहपाठ उघडते आणि बाळ रडायला लागतं, की उठून बाहेर. पाळणाघराची बाई आमच्याकडे फक्त आयांच्या वर्गापुरती असते. या मुली हुशार आहेत आणि माझ्या डोळ्यांसमोर मागे पडताहेत. काय करावं?

---

ध्रुवतारा

आमच्याकडे तेच होतं. आम्ही गृहपाठाची वेळ आणि मोठ्यांच्या वर्गाची वेळ जुळवली, त्यामुळे तीच बाई दोन्हींसाठी चालली. शिवाय हायस्कूलमधल्या मुलांना उन्हाळी नोकरीच्या योजनेतून धाकट्यांसाठी मदतनीस म्हणून घेतलं. पाऊलवाटनी सांगितलेला १८ वर्षांखालच्या कमाईचा नियम आधी आयांना समजावून दिला, म्हणून त्यांनी पोरांना पाठवलं. मात्र बारा वर्षांच्या मुलीला तुम्ही मदतनीस करू नका. तिला तिचा तास मिळू द्या.

---

पाऊलवाट

त्या पाळणाघरवाल्या बाईंचे तास वाढवायला पैसे हवे असतील तर संकुलाच्या रहिवासी मंडळाकडे जा. निवडून आलेल्या मंडळाला रहिवाशांच्या सहभागासाठी अथॉरिटीकडून दरवर्षी घरामागे ठरावीक रक्कम यायची असते. बऱ्याच मंडळांना ती मागायची असते हेच माहीत नसतं. तुम्ही बाहेरून मागण्यापेक्षा त्या मुलींच्या आयांनी बैठकीत उठून मागितलेलं जास्त चालेल. त्यांना मागणी लिहायला मदत करा, बोलू त्यांनाच द्या.

---

कडुलिंब

मला गणित बरं येतं आणि बुधवारी संध्याकाळी मोकळा असतो. जवळच्या संकुलात शिकवायला जायचं तर सुरुवात कुठून करायची?

---

पाऊलवाट

हाउसिंग अथॉरिटीच्या कार्यालयात फोन करून रेसिडेंट सर्व्हिसेस कोण बघतं ते विचारा. मुलांसोबत काम असल्याने तुमची पार्श्वभूमी तपासतील, कदाचित बोटांचे ठसेही घेतील, त्याला थोडे आठवडे लागू शकतात. तोवर रहिवासी मंडळाच्या बैठकीला जाऊन मागे बसा आणि ऐका. बैठका रहिवाशांच्या असतात, म्हणून आधी अध्यक्षांना विचारून जा. कुठला विषय हवाय, कुठली वेळ सोयीची आहे, हे तिथेच कळेल. कदाचित तुमचा बुधवार त्यांना चालणारही नाही, मग रविवार काढायची तयारी ठेवा. आणि एकदा सुरू केलंत की निदान शालेय वर्ष संपेपर्यंत सोडू नका. मधेच येईनासे झालेले स्वयंसेवक या मुलांनी खूप पाहिलेत.

---

कडुलिंब

रविवार जमेल. उद्या फोन करतो.